जंतू कोणी सोडले तर?

परवा संध्याकाळी दवाखाना आटोपत आला असताना एक निवृत्त गुरुजी आले. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी गुरुजी खुर्चीवरून उठेनात. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरांनू, समजा उद्या कोणी दर्यातसून येवन रोगाचे जंतू सोडल्यान, तर आपण काय करूचा?"

मी हसलो नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले होते, आणि तेव्हापासून मालवण-देवगडच्या प्रत्येक रांपणकराला, ट्रॉलरवाल्याला किनाऱ्याची राखण म्हणजे काय ते कळले आहे. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत "ह्यो रोग कोणी मुद्दाम सोडल्यान काय?" हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा ऐकत होतो. गुरुजींना त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि घरी पाठवले. पण विषय दोन वाक्यांचा नाही, म्हणून या आठवड्याचा लेख त्यावरच.

जैविक हल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विमाने, बॉम्ब असे काहीतरी येते. प्रत्यक्षात आपल्या देशातला सर्वांत गाजलेला जैविक हल्ला एका रेल्वे फलाटावर झाला, आणि त्यासाठी लागलेले जंतू मुंबईहून गेले होते.

हकीकत अशी. आज झारखंडात असलेल्या पाकूर येथील जमीनदार घराण्यात दोन सावत्र भाऊ होते. थोरला विनयेंद्र पांडे आणि धाकटा, विशीतला अमरेंद्र. भांडण इस्टेटीचे. १९३२ साली देवघर येथे फिरायला गेले असताना थोरल्याने धाकट्याच्या नाकावर एक चष्मा दाबून बसवला. नाकाच्या कातडीला जखम झाली आणि थोड्याच दिवसांत धाकट्याला धनुर्वात झाला. धनुर्वातावरचे सीरम मिळाले म्हणून तो वाचला. पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबर १९३३ रोजी (तारखेचा हा योगायोगच) हावडा स्टेशनवर गाडीत चढण्यापूर्वी गर्दीतला एक खादीधारी इसम त्याच्या अंगाला घासून गेला आणि दंडाला काहीतरी टोचले. शर्टाची बाही वर करून पाहिले तर सुई टोचल्यासारखी खूण. नातेवाइकांनी थांबण्याचा आग्रह केला, पण अमरेंद्र गाडीत बसलाच. तीन दिवसांनी तापाने फणफणून तो कलकत्त्याला परतला आणि ४ डिसेंबरला गेला.

त्या वेळी कलकत्त्यात प्लेगची साथ नव्हती. त्यामुळे हा मृत्यू 'न्यूमोनिया' किंवा 'रक्तदोष' म्हणून सहज खपून गेला असता. तो खपला नाही याचे कारण एकच. तपासणाऱ्या डॉक्टरला शंका आली आणि रोगी जिवंत असतानाच त्याने रक्त काढून तपासणीला पाठवले. अहवाल हाती आला तेव्हा रोगी गेलेला होता. पण रक्तात प्लेगचे जंतू होते.

मग पोलिसांनी धागा मागे ओढत नेला तो थेट परळपर्यंत. तारानाथ भट्टाचार्य नावाच्या एका डॉक्टरने आपल्याला प्लेगवर औषध सापडले आहे, त्याचा प्रयोग करायचा आहे, असे सांगून हाफकिन इन्स्टिट्यूटकडे जिवंत जंतूंची मागणी केली होती. हाफकिनच्या संचालकांनी कळवले, बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा, त्याशिवाय मिळणार नाहीत. येथे गोष्ट संपायला हवी होती. पण १९३३ च्या जुलैमध्ये ओळखीपाळखी लावून या मंडळींनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात (आजचे कस्तुरबा रुग्णालय) काम करण्याची सोय करून घेतली, तेथे जंतू हाती आले, आणि काही दिवसांतच 'तातडीचे काम निघाले' म्हणून तारानाथ कलकत्त्याला परत गेला. १९३५ साली विनयेंद्र आणि तारानाथ दोघांना फाशीची शिक्षा झाली. १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मभर काळ्या पाण्याची केली.

मी ही हकीकत एवढ्या विस्ताराने सांगितली कारण त्यातले दोन दरवाजे पाहण्यासारखे आहेत. पहिला दरवाजा जंतू ठेवलेल्या कपाटाचा. परळला तो बंद राहिला, कारण कोणीतरी कागद मागितला. दुसरीकडे तो उघडला, कारण ओळख निघाली. दुसरा दरवाजा साध्या डॉक्टरच्या खोलीचा. तेथे एका माणसाने एक परीक्षानळी रक्त घेतले आणि खून उघडकीला आला.

पहिल्या दरवाजाबद्दल आणखी थोडे. २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत पांढरी भुकटी घातलेली पाकिटे टपालाने आली. भुकटीत अँथ्रॅक्सचे जंतू होते. बावीस माणसांना लागण झाली, पाच दगावली. त्यांत टपाल खात्यात पाकिटांची वर्गवारी करणारे दोन साधे नोकर होते. पाकीट त्यांच्या नावाचे नव्हते, त्यांनी ते उघडलेही नव्हते. तपास यंत्रणेने अखेर बोट दाखवले ते लष्कराच्याच संरक्षण प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञाकडे. खटला उभा राहण्यापूर्वी, २००८ मध्ये, त्याने आत्महत्या केली. या निष्कर्षावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. पण जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जातीचे होते यावर दुमत नाही. म्हणजे १९३३ असो की २००१, जंतू आले ते आपल्या रक्षणासाठी ज्यांनी कपाटात जपून ठेवले होते त्यांच्याकडूनच. जंतुयुद्धबंदीचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून अमलात आहे आणि भारत त्यात आहे. करार हवाच. पण कपाटाची किल्ली कोणाकडे, वहीत सही कोणाची, हा हिशेब कराराइतकाच महत्त्वाचा.

अँथ्रॅक्स हे नाव परके वाटले तरी रोग परका नाही. गुरांचे डॉक्टर त्याला 'फाशी' म्हणतात. गुरू अचानक मरते, नाकातोंडातून काळसर रक्त येते, ते गोठत नाही. अशा जनावराचे कातडे काढू नये, चिरफाड करू नये, चुना टाकून खोल पुरावे, असे जुने शेतकरी सांगत आले ते उगीच नाही. हा जंतू हवा लागली की स्वतःभोवती टणक कवच करतो आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्रजांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नावाच्या बेटावर मेंढ्या बांधून या जंतूंचा बॉम्ब फोडून पाहिला. मेंढ्या मेल्या, प्रयोग यशस्वी झाला, आणि बेट अठ्ठेचाळीस वर्षे माणसांना बंद झाले. १९८६ मध्ये सुमारे २८० टन फॉर्मलडिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून ती जमीन भिजवली, तेव्हा कोठे १९९० साली ते बेट सुरक्षित जाहीर झाले. आपल्या बंदरातून दिसणारा किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते डोळ्यांसमोर आणा आणि तेथे दोन पिढ्या कोणी पाय ठेवायचा नाही अशी कल्पना करा. जंतू माणसापुरते थांबत नाहीत. माती, कपडे, कागद, इमारत सगळ्यालाच ते निकामी करू शकतात. अमेरिकेतले ते टपाल कार्यालय दोन वर्षांहून अधिक काळ बंद होते. नंतर सरकारी कार्यालयांकडे जाणारी पत्रे किरणांच्या माऱ्याखालून नेऊ लागले, तर कागद पिवळे पडून कुरकुरीत होऊ लागले.

आता दुसऱ्या दरवाजाकडे येऊ, कारण तो आपल्या हातातला आहे.

१९९४ सालची गोष्ट. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले होते. बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग निघाला आणि पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाचा. मी तेव्हा एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करत होतो. दोन दिवसांत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. ज्याला शिंकही आली नव्हती त्याने पाकिटेच्या पाकिटे घरात भरून ठेवली, आणि ज्यांना खरोखर लागण्याची शक्यता होती त्यांना चिठ्ठी घेऊन गावभर हिंडावे लागले. सुरतेतून लाखो माणसे पळाली, त्यांत खासगी डॉक्टरही होते. हे जंतू कोणी परकीयांनी सोडले असतील काय, अशी चर्चा तेव्हाही रंगली होती. पण मला आठवते ते वेगळेच. आमच्या वॉर्डात एक म्हातारा मुकादम होता. तो रोज सकाळी येऊन विचारी, "साहेब, उंदीर मेलेत का कुठं?" आम्ही नवशिके डॉक्टर हसायचो. हसायला नको होते. प्लेगात माणसाआधी उंदीर पडतात, आणि ते पाहणारा माणूस डॉक्टरच्या कितीतरी आधी सावध होतो.

हे पटायला सुरतेला जायला नको. २०१६ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाच्या परिसरात माकडे मरून पडू लागली आणि मागोमाग माणसे तापाने आजारी पडली. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला तेच. हा माकडताप, म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली तो प्रथम ओळखला गेला, २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला, आणि तिळारीच्या खोऱ्यातून आपल्याकडे यायला त्याला कोणाच्या मदतीची गरज पडली नाही. रानातल्या गोचिडी त्याचे वाहन. गोचीड माकडाला चावते, माकड मरते, मग भुकेल्या गोचिडी खाली उतरून वाट पाहत बसतात. मोसम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला काजूचा आणि पातेरा गोळा करण्याचा.

या रोगाचाही जंतुयुद्धाशी संबंध जोडला गेला होता, ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसेल. हा विषाणू सैबेरियाकडच्या एका विषाणूचा जवळचा नातलग निघाला; तेव्हा स्थलांतर करणारे पक्षी तो आणतात काय हे पाहायला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. त्या कामाला काही काळ अमेरिकी लष्कराच्या योजनेतून पैसा आला हे उघड झाल्यावर सत्तरीच्या दशकात मोठे वादळ उठले. वादळ शमले, पक्ष्यांवरचा आळही टिकला नाही. गोचीड मात्र आपल्या जागी आहे. रोग्याची काळजी घेणाऱ्याला हा ताप होत नाही. पण याच विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतली माणसे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत, आणि म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तो आज सर्वांत कडेकोट खोलीत हाताळला जातो.

माझी एक चूक येथे सांगितली पाहिजे. त्या वर्षांतल्याच एका मार्चमध्ये बांद्याकडचा एक गडी मालवणात बहिणीकडे आलेला, माझ्याकडे आणला. एकाएकी चढलेला ताप, डोके फुटेल असे दुखणे, कंबर-पोटऱ्या धरलेल्या, डोळे लाल. पावसाळा असता तर मी लेप्टो धरला असता. पावसाळा नव्हता, म्हणून 'व्हायरल' म्हणालो आणि तो फार कण्हत होता म्हणून अंगदुखीचे इंजेक्शन दिले. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त. मग धावपळ, गाडी, बांबोळी. गडी वाचला, आजही काजू काढतो. पण त्या दिवशी मी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता: "रानात माकडां मेलेली बघलंस काय?" रक्त जाण्याचा संभव असलेल्या तापात ती इंजेक्शने देऊ नयेत हे मला पुस्तकातून ठाऊक होते. हा ताप तो असेल हे सुचले नाही, एवढेच. कलकत्त्याच्या त्या डॉक्टरला सुचले होते. आता माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे: कोठून आला, काय काम करतो, जनावर-पक्षी-उंदीर मेलेले पाहिले का, घरात-वाडीत आणखी कोण आजारी.

तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे. जंतू कोणी सोडले की आपोआप आले हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नसते, आणि कळण्याची वाटही पाहायची नसते. एकाच वाडीत चार-पाच जणांना एकाच तऱ्हेचा जोराचा ताप, भर उन्हाळ्यात धडधाकट माणसे पटापट पडणे, माकडे, कावळे, गुरे किंवा उंदीर मरणे, यांतले काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत त्याच दिवशी सांगा. गावाचे नाव खराब होईल, पर्यटक यायचे थांबतील, म्हणून दडपू नका. मेलेल्या माकडाला हात लावू नका, फरफटत नेऊन व्हाळात टाकू नका; आरोग्य खात्याची माणसे भोवती कीटकनाशक भुकटी टाकून त्याची विल्हेवाट लावतात. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायजमा मोज्यात खोचलेला, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारे तेल. 'डेपा' नावाचे असे औषध ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने सैनिकांसाठी शोधून काढले. शत्रूच्या जंतूंपासून देशाचे रक्षण कसे करावे याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा हीच. तिचे औषध काजूच्या बागेत उपयोगी पडावे, यात मला तरी नवल वाटत नाही. परतल्यावर कपडे दाराबाहेरच काढून गरम पाण्यात टाका आणि साबणाने आंघोळ करा. माकडतापाची जुनी लस फारशी गुणकारी नाही असे दिसल्याने तिचा वापर थांबला आहे, नवीवर काम चालू आहे. तोवर भिस्त याच गोष्टींवर.

आणि पाकीट आले तर? म्हणजे अनोळखी, भुकटी सांडणारे, डाग पडलेले. झटकू नका, हुंगू नका, शेजाऱ्याला दाखवायला नेऊ नका. आहे तेथेच ठेवून प्लास्टिकने झाका, पंखा बंद करा, दार ओढून बाहेर या. हात साबणाने धुवा, अंगावरचे कपडे पिशवीत बांधा, आंघोळ करा आणि ११२ ला फोन करा. खोलीत कोण कोण होते त्यांची नावे लिहून ठेवा. नंतर आठवत नाहीत. आजवर आपल्याकडे अशा पाकिटांनी भीतीच जास्त पसरवली, पण म्हणून ते उघडून पाहण्याचे काम तुमचे होत नाही.

वस्तूंच्या बाबतीत आपण फार गोंधळ घालतो. २०२० मध्ये लोकांनी नोटा धुतल्या, भाजी साबणात बुडवली, वर्तमानपत्राला इस्त्री केली, आणि याच अंकाचे कित्येक वर्गणीदार काही महिने तुटले. रोग मुख्यतः हवेतून पसरत होता आणि घरोघरी खिडक्या मात्र घट्ट बंद होत्या! कोणता जंतू कशाने मरतो हे वेगवेगळे असते. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून वापरीत. उकळत्या पाण्याने पुष्कळसे जंतू मरतात, पण धनुर्वात आणि फाशीचे कवचवाले जंतू टिकतात. त्यांना ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश उष्णतेची दाबाखालची वाफ लागते. स्पिरिटचा बोळा त्यांच्यावर फिरवणे म्हणजे त्यांना आंघोळ घालणे. सॅनिटायझरही तसाच. हातावरचे असले जंतू साबण आणि वाहते पाणी धुऊन काढते, मारत नाही, पण आपल्याला तेवढे पुरते.

रोग्याची फरशी, बादल्या, संडास यांसाठी ब्लीचिंग पावडर आजही उत्तम आहे. एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम, निवळी वरची घ्यायची, दहा मिनिटे तरी ओले ठेवायचे, आणि रोजच्या रोज नवे करायचे. लोखंडी वस्तूंना लावू नका, गंजतात. संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये तर चुकूनही मिसळू नका. जो वायू निघतो तो फुप्फुसाला जाळतो आणि दरवर्षी एखादी गृहिणी खोकत दवाखान्यात येतेच. आपल्याकडची खरी अडचण निराळी. किनाऱ्याच्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर महिन्याभरात गठ्ठा होते आणि तिचा दम निघून जातो. गेल्या पावसात एका वाडीच्या विहिरीत टाकायला आणलेली पावडर मी हुंगून पाहिली, तर नाकाला काही झोंबलेच नाही. चुना होता तो निव्वळ. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, डब्यावर आणल्याची तारीख लिहा, आणि चतुर्थीला घर साफ करताना जुनी काढून नवी भरा.